अर्धसत्य: फौजदार वेलणकर, त्याचा बाप आणि लॉकअपमधला तो चोर

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर स्क्रोल करताना ही क्लिप एकदा तरी समोर येतेच. स्मिता पाटील समोर बसलेली, ओम पुरीच्या हातात एक पुस्तक, आणि तो त्यातली कविता वाचतोय. सुरुवात अगदी सहज करतो, कुणी हातात दिलं म्हणून वाचावं तशी. दोन-चार ओळी होत नाहीत तोच त्याचा चेहरा बदलतो, आवाज खाली जातो. कवितेत चक्रव्यूह आहे, त्यात शिरणारा माणूस आहे. वाचता वाचता त्याला कळतं की हे आपल्याबद्दलच चाललंय.

क्लिपच्या खाली कमेंट ठरलेल्या. असे पिक्चर आता होत नाहीत, काय ॲक्टर होता, वगैरे. पिक्चरचं नाव बहुतेकांना माहीत असतं. 'अर्धसत्य'. रामा शेट्टीही माहीत असतो. पण बसून सव्वादोन तासांचा अख्खा पिक्चर पाहिलेले लोक कमीच भेटतात. त्यामुळे 'प्रामाणिक पोलिस विरुद्ध गुंड पुढारी' एवढीच त्याची ओळख शिल्लक राहिली आहे.

ती ओळख खोटी नाही, पण निम्मी आहे. हा पिक्चर जितका पोलिस स्टेशनचा आहे, तितकाच एका घराचाही आहे. पोरगा, त्याचा बाप आणि बापाच्या हातचा मार खाणारी आई. आणि या घराचा थेट संबंध पिक्चरमधल्या त्या प्रसंगाशी आहे, ज्याच्या क्लिपा फारशा फिरत नाहीत. लॉकअपमध्ये एका भुरट्या चोराचा जीव जातो, तो प्रसंग.

पिक्चर हिंदी, पण माणसं मराठी

'अर्धसत्य' १९ ऑगस्ट १९८३ ला आला. दिग्दर्शक गोविंद निहलानी. कॅमेराही त्यांनीच सांभाळला. श्याम बेनेगल यांच्या पिक्चरचं छायाचित्रण करून ते पुढे आले होते आणि १९८० च्या 'आक्रोश'पासून स्वतः दिग्दर्शन करायला लागले होते.

पण कथा मूळची मराठी. श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही कथा. तिच्यावरून पटकथा लिहिली विजय तेंडुलकरांनी. 'आक्रोश'सुद्धा त्यांनीच लिहिला होता. हिंदी संवाद वसंत देव यांचे. आणि वर सांगितलेली ती कविता, जिच्यावरून पिक्चरला नाव मिळालं, ती दिलीप चित्रे यांची. तुकारामाचे अभंग इंग्रजीत नेणारे हेच ते चित्रे.

म्हणजे पडद्यावर हिंदी बोललं जात असलं तरी मागे बसलेली मंडळी बरीचशी मराठी साहित्यातली होती. हिरोचं नाव अनंत वेलणकर, त्याच्या मैत्रिणीचं ज्योत्स्ना गोखले. हिंदी पिक्चरमधला इन्स्पेक्टर म्हणजे विजय नाहीतर रवी, अशा काळातली ही गोष्ट. त्यात 'वेलणकर' आडनावाचा सब-इन्स्पेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत फौजदार. तो खराच मुंबईच्या एखाद्या ठाण्यात बसलेला वाटतो.

रामा शेट्टी झाले सदाशिव अमरापूरकर. नगरचे, मराठी रंगभूमीवरचे. हिंदी प्रेक्षकांना त्यांचं नाव तोपर्यंत माहीत नव्हतं. पिक्चर आला आणि देशभर झालं.

गोष्ट काय आहे?

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधीच सांगितलेलं बरं, इथून पुढे शेवटापर्यंतची गोष्ट येणार आहे.

अनंत वेलणकर मुंबईत फौजदार आहे. कामात प्रामाणिक, डोक्याने तापट. एका पार्टीत त्याची ओळख ज्योत्स्नाशी होते. ती कॉलेजात शिकवते. पोलिसांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नाही, तरी दोघांचं जमतं.

ड्युटीवर मात्र काहीच जमत नाही. तीन गुंडांना धरतो, तर त्यांचा बॉस रामा शेट्टी भेटायला बोलावतो. वेलणकर त्यांना सोडत नाही. पुढे झोपडपट्टीतला एक माणूस तक्रार घेऊन येतो की काही टगे आपल्या बायकोला त्रास देतायत. वेलणकर त्यांना उचलतो आणि बेदम मारतो. ते निघतात आमदाराची माणसं. आता वेलणकरच्याच निलंबनाची भाषा सुरू होते. त्याचा वरिष्ठ इन्स्पेक्टर हैदर अली, म्हणजे शफी इनामदार, त्याला समजावतो की चौकशी लागली तर ती न्यायाची नसेल. मग दिल्लीत ओळखी असलेला एक मध्यस्थ गाठला जातो आणि प्रकरण मिटतं.

हे 'मिटणं' वेलणकरला पचत नाही. आपण बरोबर होतो, तरी सुटण्यासाठी वशिला लागला, हे त्याला खात राहतं.

यानंतर त्याला शेट्टीचा एक माणूस सापडतो. मारून, जाळून टाकलेला, शेवटच्या घटका मोजणारा. वेलणकर त्याला दवाखान्यात नेतो, जबाब नोंदवून घेतो. जबाबात रामा शेट्टीचं नाव असतं. पुरावा हातात घेऊन तो शेट्टीच्या घरी अटक करायला जातो. शेट्टी जागचा हलतही नाही. वरच्या अधिकाऱ्याला एक फोन लावतो आणि रिसीव्हर वेलणकरच्या हातात देतो. वेलणकरला परत फिरावं लागतं.

शेट्टीला ओरडावं लागत नाही, बंदूक काढावी लागत नाही, हे त्या सीनचं खरं भय आहे. पुढे हाच शेट्टी निवडणुकीला उभा राहतो आणि बंदोबस्ताला वेलणकर असतो.

मग एका खतरनाक दरोडेखोराला पकडण्याची कामगिरी वेलणकर करतो, पण श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला जातं. तोवर तो दारूत बुडालेला आहे. निलंबित होऊन रस्त्यावर आलेला माईक लोबो नावाचा एक पोलिस पिक्चरमध्ये अधूनमधून दिसतो. ते काम नसीरुद्दीन शाहने केलंय, अगदी थोड्या वेळाचं. वेलणकरचं पुढे काय होणार ते लोबोकडे बघून आधीच कळतं.

आणि बाप?

बापाचं काम अमरीश पुरींनी केलंय. तोही पोलिस खात्यातूनच निवृत्त झालेला, गावाकडे राहणारा. कडक, घरात शब्द खाली पडू न देणारा. बायकोवर हात उचलायला त्याला कारण लागत नाही. अनंत लहानपणी हे सगळं बघत मोठा झालाय. बघण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. पदवी झाल्यावर त्याला पुढे शिकायचं होतं. बापाने पोलिसात घातलं.

या एका गोष्टीवर पिक्चर उभा आहे. वेलणकरने वर्दी स्वतः निवडलेलीच नाही. जो माणूस त्याला सगळ्यात नकोसा आहे, त्याचंच कपाट त्याने अंगावर चढवलंय. बापाशी तो नीट बोलत नाही, गावाशी संबंध तोडल्यासारखाच आहे. पण बापाने दिलेली नोकरी मात्र रोज करतोय.

आता त्या टग्यांच्या प्रकरणाकडे परत बघा. एका बाईला त्रास दिला म्हणून वेलणकर त्यांना मारतो. थेटरात इथे शिट्ट्या पडत असणार. पण तो मार गुन्ह्याच्या मानाने फार जास्त आहे. कायद्याने त्याला अटक करता येते, मारता येत नाही. मग एवढा राग येतो कुठून? लहानपणी आईला मार बसताना जो हात उठला नाही, तो आता दुसऱ्यांवर उठतोय. पिक्चर हे कुणाच्या तोंडून वदवून घेत नाही. फक्त दोन्ही गोष्टी आपल्यासमोर ठेवतो.

पुढचा प्रसंग याहून वाईट. एक भुरटा चोर रेडिओ चोरताना सापडतो. गुन्हा म्हणाल तर एवढाच. वेलणकर दारू प्यायलेला आहे, शेट्टीसमोर मान खाली घालून आलेला आहे, श्रेय गमावलेला आहे. लॉकअपमध्ये तो त्या चोराला मारत सुटतो. चोर मरतो.

ज्या शेट्टीवर राग होता, त्याच्या अंगाला तो हात लावू शकला नाही. जो हाताखाली सापडला, मागे कुणी नसलेला, त्याच्यावर सगळं निघालं. त्याच्या घरात नेमकं हेच चालायचं. बापाचा राग कुणाचाही असो, मार आईला बसायचा. बापासारखं व्हायचं नाही म्हणून आयुष्यभर धडपडणारा पोरगा त्या कोठडीत अगदी बापावर जातो.

निलंबन होतं. चोराचा मृत्यू अंगावर येणार असतो. वाचवू शकेल असा एकच माणूस, रामा शेट्टी. वेलणकर त्याच्याकडे जातो. शेट्टी मदतीला तयार असतो, बदल्यात वेलणकर आपला माणूस व्हायला हवा. तिथेच वेलणकर त्याचा गळा दाबतो.

मुंबईत तेव्हा काय चाललं होतं?

पिक्चर आला त्याच्या आधीचं वर्ष मुंबईसाठी साधं नव्हतं. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्याला मन्या सुर्वेला पोलिसांनी गोळ्या घातल्या. मुंबईतलं नोंदलेलं पहिलं एन्काउंटर म्हणून आजही त्याचंच नाव घेतलं जातं. त्यानंतर आठवड्याने, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले.

आणि १८ ऑगस्ट १९८२ ला खुद्द मुंबईचे पोलिस रस्त्यावर आले. पगार, घरं, कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक अशा बऱ्याच तक्रारी साचल्या होत्या. सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना अटक केली आणि शिपायांचा भडका उडाला. दंगल पेटली, लष्कर बोलवावं लागलं. मुख्यमंत्री होते बाबासाहेब भोसले. शहराची सुरक्षा ज्यांच्याकडे, त्यांच्याचसाठी लष्कर मागवण्याची ही वेळ होती.

'अर्धसत्य' त्यानंतर बरोबर एक वर्ष आणि एका दिवसाने थेटरात लागला. बंडाच्या आठवणी ताज्या होत्या. पडद्यावर वरून फोन आला की मान खाली घालणारा फौजदार दिसला, तेव्हा बघणाऱ्याला त्यात नवल वाटलं नसणार.

त्याच काळातला दुसरा पोलिस बाप

पोलिस आणि घर असा विषय हिंदीत त्याआधीच्या वर्षीही आला होता. रमेश सिप्पींचा 'शक्ती', ऑक्टोबर १९८२. दिलीप कुमार पोलिस अधिकारी, अमिताभ त्याचा मुलगा. गुंड लहानग्या पोराला पळवतात आणि बदल्यात आपला माणूस सोडायला सांगतात. बाप फोनवर नाही म्हणतो, पोरगा ते ऐकतो. ती जखम आयुष्यभर भरत नाही. शेवटी बापाच्याच गोळीने मुलगा मरतो.

गंमत म्हणजे 'शक्ती'त त्या पोराला पळवणाऱ्या टोळीचा म्होरक्या अमरीश पुरी होते. आणि वर्षभरात 'अर्धसत्य'मध्ये तेच पोलिस बाप झाले. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार एका वर्षी 'शक्ती'ला आणि लगेच पुढच्या वर्षी 'अर्धसत्य'ला मिळाला.

दोन्हींत फरक मात्र मोठा आहे. 'शक्ती'तल्या बापाकडे तत्त्व आहे. त्याचं कर्तव्य आणि पोराचं प्रेम यांची टक्कर होते, आणि प्रेक्षक दोघांसाठीही रडतो. 'अर्धसत्य'मधल्या बापाकडे तसलं काही तत्त्व नाही, हात आहे. हिंदी पिक्चरमध्ये बापाला असं उघडं पाडणं तेव्हा सोपं नव्हतं. तेंडुलकरांना त्याचं फारसं ओझं वाटलं नसावं. 'गिधाडे' लिहिलेल्या माणसाला कुटुंब नावाची गोष्ट पवित्र वाटण्याची शक्यता कमीच.

फ्रेंच लोक याला काय म्हणतात?

पोलिसाची नोकरी आणि त्याचं मोडलेलं घर, या विषयावर सगळ्यात जास्त पिक्चर कुणी काढले असतील तर त्यात फ्रेंच लोकांचं नाव वर येईल. गुन्हेगारी आणि पोलिसांच्या कथांसाठी त्यांच्याकडे एक लाडका शब्दच आहे, 'पोलार'. १९४५ मध्ये पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने 'सेरी न्वार', म्हणजे काळी मालिका, नावाने अशा कादंबऱ्या काढायला सुरुवात केली आणि हा प्रकार तिकडे घराघरांत गेला.

त्याच्याही आधी जॉर्ज सिमेनॉं या बेल्जियन लेखकाने इन्स्पेक्टर मेग्रे उभा केला होता. मेग्रेचं घर मात्र शांत. बायको जेवण करून वाट बघत बसलेली. पुढच्या फ्रेंच पोलिसांच्या नशिबी हे सुख राहिलं नाही.

यात एक नाव 'अर्धसत्य'च्या चाहत्यांनी लक्षात ठेवावं असं आहे, ऑलिव्हिए मार्शाल. हा दिग्दर्शक आधी स्वतः पोलिसात होता. पॅरिसच्या गुन्हे शाखेच्या मुख्यालयाचा पत्ता हेच नाव असलेला '३६ के देझ ऑर्फेव्र' हा त्याचा पिक्चर २००४ मध्ये आला. त्यातला पोलिस तुरुंगात जातो, बायको गमावतो, मुलगी त्याच्याशिवाय वाढते. २००८ च्या 'एमआर ७३'मधला पोलिस तर दारूत पूर्ण संपलेला आहे, कारण त्याचं कुटुंब एका झटक्यात उद्ध्वस्त झालंय. तो पाहताना माईक लोबो आठवला नाही तर नवल.

पण पोलार आणि 'अर्धसत्य' यांत एक गोष्ट वेगळी पडते. फ्रेंच पोलिसाचं घर बहुतेक वेळा नोकरीमुळे मोडतं. वेलणकरचं घर नोकरीच्या आधीच मोडलेलं होतं. तो तेच सोबत घेऊन ठाण्यात आला.

फ्रान्सचा अजून एक धागा निघतो तो दिलीप चित्रे यांच्याकडे. त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'गोदाम' या पिक्चरला १९८४ मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरातल्या महोत्सवात ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला होता. कवी म्हणून माहीत असलेल्या चित्र्यांची ही बाजू फारशी कुणी सांगत नाही.

तो चोर आज मेला असता तर?

पिक्चरमधल्या चोराला नाव, गाव, घर असं फारसं काही मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याचा मृत्यू हा 'कोठडीतला मृत्यू' आहे, आणि १९८३ नंतर या विषयावर बरंच काही बदललंय. निदान कागदावर.

अटक केलेल्या माणसाला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे तर राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये पहिल्यापासून आहे. १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आला आणि कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत कळवा, असं त्याने सांगितलं. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात नियमच घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा पंचनामा हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी. नातेवाइकाला कळवायला हवं. दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. २००६ पासून कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करणं बंधनकारक झालं, आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम १९६ मध्ये ती तरतूद आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं, लॉकअपसकट.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. पोलिस कोठडी म्हणजे आरोपी पोलिसांच्या ताब्यात, ठाण्याच्या लॉकअपमध्ये. न्यायालयीन कोठडी म्हणजे आरोपी तुरुंग प्रशासनाच्या ताब्यात. मृत्यू कुठेही झाला तरी जबाबदारी सरकारचीच, पण बातम्यांत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला हे सगळं वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पालम असो, गंगाखेड असो की खुद्द परभणी, दोन प्रकरणं इथल्या लोकांना तोंडपाठ आहेत.

पहिलं मुंबईतलं. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्यात संशयित म्हणून परभणीच्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरला मुंबई पोलिसांनी पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की तपासासाठी नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. सीआयडीच्या तपासात हे खोटं निघालं, कोठडीतच त्याचा मृत्यू झाल्याचं समोर आलं. त्याची आई परभणीहून मुंबईच्या कोर्टात वर्षानुवर्षं लढत राहिली.

दुसरं प्रकरण अगदी अलीकडचं. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत रेल्वे स्टेशनसमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि पोलिसांनी धरपकड केली. पकडलेल्यांपैकी कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. त्याची आई न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या राज्य सरकारला तिथेही दिलासा मिळाला नाही.

दोन्ही प्रकरणांत लढायला उभी राहिली ती आई. 'अर्धसत्य'मध्ये चोराच्या घरचं कुणी लढताना दिसत नाही, आणि पिक्चरची हीच बाजू थोडी लंगडी आहे. कॅमेरा शेवटपर्यंत वेलणकरच्या मागे फिरतो. त्याची तडफड आपल्याला दिसते, मेलेल्याच्या घरी काय झालं ते दिसत नाही.

वर्दीच्या आतलं घर

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावाला पहाटे बाहेर पडा, पालमलाही, रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी पळताना दिसतील. भरतीची तयारी. १६०० मीटर धावणं, गोळाफेक, मग लेखी परीक्षा. जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे घरात एक सरकारी पगार यावा ही आई-बापाची इच्छा असते. त्यात चूक काहीच नाही. वेलणकरच्या बापाने पोरावर नोकरी लादली, इथे बहुतेक पोरं स्वतःहून धावतायत. पण 'तुला काय व्हायचंय' हा प्रश्न किती घरांत खरंच विचारला जातो, हे ज्याचं त्याला माहीत.

आणि वर्दी मिळाल्यावर घर किती मिळतं? सण आला की बंदोबस्त, निवडणूक आली की बंदोबस्त. बारा-बारा तासांची ड्युटी अनेक वर्षं गृहीतच धरलेली होती. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलिस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना एका शिपायानेच मांडली होती आणि तेव्हाचे पोलिस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. १९८२ मध्ये पोलिस रस्त्यावर आले तेव्हा कामाच्या तासांची तक्रार होतीच. तिच्यावर एका ठाण्यापुरता प्रयोग व्हायला ३४ वर्षं लागली.

वेलणकरची दारू, त्याचा एकटेपणा आणि ज्योत्स्नाचं हळूहळू लांब जाणं, हे सगळं या बाजूने पाहिलं तर त्याची कीव येते. लॉकअपच्या बाजूने पाहिलं तर येत नाही. पिक्चर दोन्हींपैकी एक बाजू निवडायला सांगत नाही, आणि चाळीस वर्षांनंतरही तो जुना वाटत नाही त्याचं मोठं कारण हेच असावं.

पुढे काय झालं?

ओम पुरींना 'अर्धसत्य'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, शिवाय १९८४ मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हॅरी महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा. पिक्चरला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्मफेअरमध्ये चित्रपट, दिग्दर्शन, सहायक अभिनेता, कथा आणि पटकथा असे पाच. म्हणजे पानवलकर आणि तेंडुलकर या दोन मराठी लेखकांना एकाच रात्री, एकाच पिक्चरसाठी. ओम पुरींना मात्र फिल्मफेअरची बाहुली मिळाली नाही. त्या वर्षी ती 'मासूम'साठी नसीरुद्दीन शाहकडे गेली, म्हणजे माईक लोबोकडेच.

स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ ला गेल्या, अवघ्या ३१ व्या वर्षी. तेंडुलकर २००८ मध्ये, चित्रे २००९ मध्ये. सदाशिव अमरापूरकरांनी पुढे १९९१ च्या 'सडक'मधली महाराणी अजरामर केली, ३ नोव्हेंबर २०१४ ला त्यांचं निधन झालं. ओम पुरी ६ जानेवारी २०१७ ला गेले.

राहता राहिला वेलणकर. शेट्टीचा गळा दाबून झाल्यावर तो पळत नाही. सरळ पोलिस ठाण्यात जातो आणि स्वतःला हवाली करतो. पिक्चर तिथे संपतो. पुढचा खटला, शिक्षा, काहीच दाखवलेलं नाही. पण तो ठाण्यात शिरतो तेव्हा त्याच्या नावावर एक नाही, दोन खून असतात. क्लिपांखालच्या कमेंटमध्ये त्यातल्या एकाचीच चर्चा असते.